सतरा नंबरच्या बरण्या

"इंदूबाई, मी तुमच्याशी बोलतेय."

"हाव मॅडम."

"मग इकडे बघा ना!"

इंदूबाई सपकाळेनं मान वळवली. टोपी आणि मास्क यांच्या मधोमध दोन डोळे, बाकी बाईचं काही दिसत नव्हतं. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात पातं, दोन्ही तसेच आत, पेटत्या दिव्यापाशी. समोर उघडी बरणी आणि तिच्यात केळीची बोटभर हिरवी रोपं.

"काल किती झाल्या?"

"एकशे आठ."

"बाकीच्यांच्या किती होतात?"

मीच सांगितलं, "एकशे वीस. आणि तुमच्या एकशे आठांतल्या किती फेकाव्या लागतात ते चार दिवसांनी कळेलच. मागच्या गुरुवारच्या तेरा गेल्या. तेरा! काय चाललंय काय?"

"मॅडम," ती शांतपणे, पण पंख्यांच्या घरघरीवर आवाज काढून म्हणाली, "हात आत असताना नका ना बोलत."

शेजारच्या दोन टेबलांवरचे हात थांबले. ऐकलं सगळ्यांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग कधी बोलू? सुट्टीत तुम्हाला डबा खायचा असतो, सुटल्यावर गाडी गाठायची असते. कामाचं कामाच्या वेळी नाही बोलायचं तर काय लग्नाच्या मांडवात बोलायचं?"

"हाव मॅडम."

"आणि हात चालू ठेवा. मी आले की थांबता, म्हणून आकडा कमी पडतो. ऐकता ऐकता करा."

तिनं पातं चालवायला घेतलं. मी वहीत लिहिलं: मंगळवार, दहा चाळीस, टेबल सतरा, समज दिली, उद्धट बोलली.

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. रावेरच्या रस्त्याला आमची लॅब होती, केळीच्या टिश्यू कल्चरची. केळीच्या एका कोंबापासून बरणीतल्या अगरच्या जेलीवर हजारो रोपं वाढवायची, असं ते काम. एका लांब खोलीत चोवीस टेबलं. टेबल म्हणजे समोरून उघडं असं स्टीलचं कपाट, त्याच्या पाठीतून गाळलेली स्वच्छ हवा सारखी बाहेर येत असते. त्या हवेत हात घालून बायका रोपं कापतात आणि नव्या बरणीत लावतात. बाहेरच्या हवेतली धूळ किंवा श्वासाचा एक तुषार आत गेला, की चार-पाच दिवसांनी जेलीवर पांढरी नाहीतर काळी बुरशी चढते. मग ती बरणी रोपांसकट उकळून फेकायची.

बरणीवर त्या बाईचा नंबर आणि तारीख लिहायची पद्धत जुनीच होती. मी आल्यावर दिवसातल्या कितव्या नंबरची बरणी तेही लिहायला लावलं, म्हणजे कुणी कुणाच्या बरण्या आपल्या म्हणून दाखवायला नको. बायका कुरकुरल्या. मी ऐकून घेतलं नाही. मला फार शिस्त होती त्या वेळी.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, अकोल्याची, वय सत्तावीस. सुपरवायझर म्हणून दहा महिने झालेले आणि वर्ष भरलं की कायम होणार होते. शिवाय पुण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलेले. तिथल्या टायवाल्या सरांनी सांगितलं होतं, कमी पडणाऱ्या माणसाला मोकळं सोडू नका, रोज गाठा, रोज बोला, वेळ घालून लिहून ठेवा. मी आज्ञाधारक मुलीसारखं सगळं उतरवून घेतलं आणि परत आले ती हात धुऊन इंदूबाईच्या मागेच लागले.

तिचीच निवड का केली? तर तिचा आकडा सगळ्यांत कमी होता. नऊ वर्षं जुनी बाई, पण आई वारली म्हणून पंधरा दिवस रजेवर गेली आणि आली ती मंद होऊन. ऐंशी-पंच्याऐंशीवर यायची गाडी. नवरा केळीच्या ट्रकवरून पडून कंबर धरून घरी बसलेला, मुलगी धुळ्याला नर्सिंगला. घरात पगार म्हणून हिचाच. हे मला माहीत होतं बरं का. मला वाटायचं, एवढं सगळं असताना तर बाईनं जास्तच नीट काम करायला हवं.

सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. एकही चुकवली नाही. दोन आठवड्यांत आकडा ऐंशीवरून एकशे आठवर आला आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटली. पण आता बरण्या सडायला लागल्या. बाकीच्यांच्या शंभरात दोन जायच्या, हिच्या सहा, मग नऊ, मग अकरा. मी म्हटलं, ही मुद्दाम करते. मी बोलते त्याचा राग बरण्यांवर काढते.

आमचे नेहेते साहेब आकड्यांचा माणूस. त्यांनी तक्ता पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अकरा टक्के? तायडे मॅडम, दीड महिना झाला, हे तुमच्याच्यानं होणार आहे की नाही?"

"रोज बोलते सर. दोनदा बोलते."

"मग बोलून उपयोग नाही. रिपोर्ट द्या. शनिवारी चार वाजता पत्र देऊन टाकू. शहाद्याची ऑर्डर डोक्यावर आहे, मला इथं लाड नकोत."

त्या उद्धट बोलण्याला पंधरा दिवस झाले होते; बुधवारी मी रिपोर्ट दिला. दोन पानं. उद्धट हा शब्द त्यात तीनदा होता.

त्याच्या आदला आठवडा असा गेला होता की विचारू नका. शहाद्याच्या ऑर्डरसाठी रोपं बरणीतून काढून मातीची सवय लावायला शेडमध्ये न्यायची होती आणि शेडवरचा माणूस नेमका आजारी. सकाळी एप्रन घालून लॅबकडे वळले की फोन. फोन ठेवला की स्टोअरवाला, "मॅडम, अगर संपली." त्याला वाटेला लावलं की ट्रकवाला, "मॅडम, गाडी कुठं लावू?" तेवढ्यात वीज जायची, जनरेटर खोकायचा, कुणीतरी शेतकरी दादा सडका कंद पिशवीत घालून थेट टेबलावर आणून ठेवायचा. धड एक काम हातून पुरं झालं म्हणाल तर शपथ. नाकी नऊ आले होते. एकच हळहळ होती, इंदूबाईकडे बघायला वेळ मिळत नव्हता. सहा दिवसांत कशाबशा दोन फेऱ्या झाल्या.

गुरुवारी, डब्याच्या सुट्टीत, ती माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. मास्क काढलेला. मला वाटतं, इतक्या महिन्यांत मी तिचा पुरा चेहरा नीट तेव्हाच पाहिला. गालांवर मास्कच्या दोऱ्यांचे वळ होते.

"मॅडम, पत्र निघालं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मी काही बोलणार तोच फोन वाजला. शहाद्याहून होता. मी बोलले, ठेवला. "हं, काय म्हणत होता?"

"मला बरण्या धुवायला टाका मॅडम. झाडायला टाका. पण काढू नका. पोरीचं अजून दीड वर्ष..."

पुन्हा फोन. शेडवरून. मी हात वर करून तिला थांब म्हटलं. पाच मिनिटं मी पाण्याच्या फवाऱ्यांबद्दल बोलत होते आणि ती समोर उभी. ठेवला, तर स्टोअरवाला सही मागायला आत. सही केली. पुन्हा फोन.

तिसऱ्यांदा रिसीव्हर ठेवून वर पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं टळलं.

शुक्रवारी दुपारी भास्करआप्पा आले. आप्पा म्हणजे बरण्या वाढतात त्या खोलीचे राखणदार. रोज एकेक मांडणी हातानं चाचपायची, बुरशीची बरणी दिसली की बाजूला काढून रजिस्टरात नंबर लिहायचा. लॅब सुरू झाली तेव्हापासूनचे. माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

"मॅडम, सतरा नंबरचा मागचा आठवडा पूर्ण तपासला."

"किती गेल्या? सत्तर?"

"अकरा."

"एका दिवसात?"

"आठवड्यात. साडेसहाशेत अकरा."

मी हसलेच. "आप्पा, चष्मा बदला."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. खरंच अकरा होत्या. पावणेदोन टक्के सुद्धा नाही.

"आता काय करायचं?" मी वैतागून म्हणाले. "रिपोर्ट गेलाय माझा. आणि ही बया आता सुधारली?"

"सुधारली का बिघडली ते तुम्ही बघा," आप्पा म्हणाले. "मला एक दिसतं ते सांगतो. बाकीच्या पोरींची खराब बरणी एक इथं असते, एक तिथं. सतरा नंबरची तशी नसते. सलग जातात. पाच-सहा एका ओळीत. मग पन्नास एकदम साफ. बाईचा हात वाईट असता तर असं झालं नसतं."

"मग कशानं होतं?"

"ते मला काय माहीत? मी बरण्या बघतो, टेबलं बघत नाही."

एवढं बोलून ते गेले. मी रजिस्टर ओढलं. मंगळवारच्या एकेचाळीस ते पंचेचाळीस. शुक्रवारच्या ब्याण्णव ते पंच्याण्णव. उरलेल्या दोन अशाच इकडे-तिकडे. मी हिशेब मांडला. आठला काम सुरू होतं, तासाला पंधरा बरण्या. म्हणजे एकेचाळिसावी साडेदहा-पावणेअकराला. त्या वेळी ही बाई काय करत होती? झोपली होती? गप्पा मारत होती? रिपोर्टला जोडायला बरं होईल, म्हणून मी माझी वही उघडली.

मंगळवार, दहा पंचेचाळीस, टेबल सतरा, समज दिली.

शुक्रवार, दोन पस्तीस, टेबल सतरा, समज दिली.

त्या आठवड्यात तेवढ्या दोनच नोंदी होत्या.

मी पाणी प्यायले. म्हटलं, योगायोग असेल. मग मागचं पान काढलं. मग त्याच्या मागचं. एका बाजूला आप्पांचं रजिस्टर, एका बाजूला माझी वही, मध्ये माझं बोट. दहा पस्तीस, तर चाळीस ते चव्वेचाळीस गेलेल्या. दोन वीस, तर एकोणनव्वद ते त्र्याण्णव. ज्या दिवशी मी वीस मिनिटं झाडलं होतं, त्या दिवशी सलग सात.

पंख्यांची घरघर असते त्या खोलीत. मास्कमधून बोललेलं धड ऐकू जात नाही. म्हणून मी इंदूबाईपाशी गेले की मास्क हनुवटीखाली ओढायचे, तिच्या खांद्यावरून पार आत वाकायचे आणि उघड्या बरणीकडे बोट दाखवून दाखवून बोलायचे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी! पहिल्या वर्षाच्या पोरीला मी हेच करताना पाहिलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं. बाकीच्या टेबलांवर मला असं वाकून बोलावं लागत नव्हतं, कारण बाकीच्यांचे आकडे चांगले होते.

त्या शुक्रवारी मी फोन उचलला नाही. वाजू दिला. स्टोअरवाल्याला दारातूनच परत पाठवलं. कडी घातली आणि दीड महिन्याच्या बरण्या एकेक करून जुळवल्या. सतरा नंबरच्या एकूण खराब बरण्या चारशे बारा. त्यांतल्या माझ्या फेऱ्यांच्या वेळच्या तीनशे एकोणऐंशी. उरलेल्या तेहतीस कुणाच्याही जातात तशा गेलेल्या. त्या बाईचा हात आमच्या अख्ख्या लॅबमध्ये सगळ्यांत स्वच्छ होता.

मी ठरवलं, शनिवारी साहेबांना सगळं सांगायचं. खरंच ठरवलं होतं. वही आणि रजिस्टर दोन्ही बगलेत घेऊन चारला दहा कमी असताना मी केबिनमध्ये गेले. टेबलावर पाकीट तयार होतं. इंदूबाई आधीच आत, भिंतीला लागून उभी. बोलावून घेतली होती.

"सर, पत्र देण्याआधी हे बघा. मागच्या आठवड्याचं," मी म्हणाले. "सतरा नंबरचं. साडेसहाशेत अकरा."

साहेबांनी चष्मा चढवला, उतरवला. मग मोठ्यानं हसले.

"पावणेदोन? अकरावरून पावणेदोन! वा! तायडे मॅडम, मानलं तुम्हाला. मी म्हणत होतो बोलून उपयोग नाही, पण तुम्ही पिच्छा सोडला नाही."

"सर, त्याचं कारण..."

"कारण मला दिसतंय ना!" त्यांनी पाकीट उचललं आणि टरकन फाडलं. "इंदूबाई, नोकरी वाचली तुमची. ती कुणामुळे, ठाऊक आहे? या मॅडम रोज डोकं फोडत होत्या तुमच्यासाठी. आभार माना त्यांचे."

इंदूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "उपकार झाले मॅडम."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण साहेब पुढचं बोलून गेले, "तुमचं कन्फर्मेशनचं पत्र पण सोमवारी टाईपला देतो. अशी माणसं पाहिजेत मला." आणि माझ्या तोंडून निघालं ते, "थँक्यू सर." जीभ झडली नाही माझी. मी मनात म्हटलं, बाईची नोकरी राहिली ना? मग झालं तर. आता कशाला उकरायचं?

"आणि हां," साहेब तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, "नऊ नंबर कोण? मालती? साडेचार टक्के दिसतंय तिचं. सोमवारपासून तिच्या मागे लागा. असंच. सकाळ-दुपार."

"हो सर," मी म्हणाले.

आम्ही दोघी बाहेर आलो. व्हरांड्यात सुटायच्या घाईत असलेल्या बायका चपला शोधत होत्या. मी इंदूबाईला बाजूला घेतलं.

"इंदूबाई, बरण्या कशानं खराब होत होत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं हेच करते मॅडम."

"मग मला सांगितलं काबरं नाही?" घाईत मीही तिच्यासारखीच बोलले.

"सांगितलं होतं. एकदा." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग म्हटलं, जास्त बोललं तर आजच काढतील. निदान महिना तरी भरू द्यावा."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "आता राहिली ना तुमची नोकरी."

"हाव, माझी राहिली." तिनं पायात चप्पल सरकवली. "पण मालतीला कोणी नुसतं नावानं हाक मारली तरी तिचे हात कापतात. लहान आहे. मी दीड महिना काढला, ती पंधरा दिवस नाही काढायची मॅडम. तेवढं बघा."

विनवणी नव्हती ती. उद्याच्या डब्याला भाजी कोणती करू, अशा आवाजात बोलली आणि फाटकाकडे चालायला लागली. मी बगलेतलं रजिस्टर सावरत तिथंच उभी होते. आतून साहेबांच्या फोनची घंटी ऐकू आली.

मी परत वळले. दार न वाजवता आत गेले. साहेब फोनवर होते, शहाद्याशीच बोलत होते. त्यांनी हात वर करून मला थांबायची खूण केली. ऑर्डर मोठी होती, माणूस मोठा होता, आणि पाच मिनिटं थांबले तर माझा धीर जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सर, सतरा नंबरच्या बरण्या मी खराब केल्या."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा हात हलवला.

"मी केल्या सर. तिनं नाही. रिपोर्ट खोटा आहे माझा. मालतीच्या टेबलाशी मी जाणार नाही."

साहेबांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. "काय म्हणालात? किती बरण्या?"

"तीनशे एकोणऐंशी," मी म्हणाले, आणि उभ्याउभ्याच वही उघडून पहिल्या फेरीपासून वाचून दाखवायला लागले.